एकाने कापायचं, एकाने निवडायचं

दुकान बंद व्हायची वेळ जवळ आली, की कोपऱ्यावरच्या त्या मोठ्या दुकानात एक मुलगी पिवळ्या स्टिकरांचं भेंडोळं घेऊन यायची. जे उद्यापर्यंत टिकणार नाही त्या प्रत्येक वस्तूवर ती निम्म्या किमतीचा स्टिकर मारायची. तिच्या मागे पाच-सहा माणसं, आपण इकडे अगदी सहज आलोय असा चेहरा करून, हळूहळू सरकत राहायची.

त्या संध्याकाळी कोबी एकच उरला होता. स्टिकर चिकटला आणि त्याच्यावर दोन हात पडले. एक हात एका मुलीचा होता, नखांत गुलाबी मेणाचे कण अडकलेला. दुसरा एका उंच तरुणाचा, ग्रीसने काळवंडलेला.

"आधी माझा हात होता," ती म्हणाली.

"तुमचा वरून आहे. माझा खालून," तो म्हणाला. "वजन कुणी उचललंय, सांगा."

तिने पाहिलं. कोबी खरोखरच त्याच्या तळव्यावर होता आणि ती नुसतीच त्याच्या डोक्यावर हात ठेवून उभी होती, आशीर्वाद दिल्यासारखी.

"घरी माणसं किती?" त्याने विचारलं.

"तुम्हाला काय करायचंय?"

"नाही... एकट्या माणसाला एवढा कोबी संपत नाही. अनुभवाने सांगतो. चौथ्या दिवशी तो आपल्याकडे बघायला लागतो."

तिला हसू आलं. अनोळखी माणसासमोर हसायचं नाही असं ठरवता ठरवताच आलं.

"म्हणजे तुम्हीपण एकटे?"

"कोबीच्या बाबतीत, हो."

शेवटी कोबी दोघांत घ्यायचं ठरलं. स्टिकरवालीने भाजीच्या काउंटरवरून सुरी आणून दिली. "परत आणा हं," ती म्हणाली, "नाहीतर माझ्या पगारातून जाईल." दुकानाबाहेर एक बाक होता. तो बसला, कोबी मांडीवरच्या पिशवीवर ठेवला आणि सुरी उचलली.

"थांबा," ती म्हणाली. "एकाने कापायचं, दुसऱ्याने निवडायचं."

"हा कुठला कायदा?"

"आमच्या आईचा. लहानपणी मी आणि दादा प्रत्येक गोष्टीवरून भांडायचो. मग तिने हे काढलं. कापणाऱ्याने कापायचं, पण आधी उचलायचं दुसऱ्याने."

"म्हणजे कापणारा झक मारत सरळ कापतो."

"अगदी."

त्याने एक डोळा मिटला, मान खाली घातली आणि सुरी अशी चालवली, की दोन्ही तुकड्यांत निवडायला काही उरलंच नाही. तिने एक वळवून पाहिला, मग दुसरा.

"तुम्ही काय करता?" तिने विचारलं.

"लिफ्ट दुरुस्त करतो. मजल्याशी लिफ्ट बोटभर वर-खाली थांबली, तरी माणसं अडखळतात. तुम्ही?"

"दातांच्या लॅबमध्ये आहे. कवळ्या बनवते."

"अरे वा! म्हणजे आज ना उद्या मला तुमच्याकडे यावंच लागणार."

"तोवर दात घासत राहा," ती म्हणाली आणि आपला अर्धा कोबी घेऊन निघाली. वळताना मागे बघायचं नाही, हे तिने पाळलं. पण खोलीचा जिना चढताना ती एकटीच हसत होती, आणि खालच्या मजल्यावरच्या बाईंनी ते पाहिलं.

ही खोली तिच्यासाठी लहान गोष्ट नव्हती. आई गेल्यावर ती दादा-वहिनीकडे राहायला गेली होती. वहिनी वाईट नव्हती. आजारपणात उशाशी बसणारी, ताटात पहिली भाजी नणंदेला वाढणारी. पण एक दिवस ती शेजारणीशी बोलताना हिच्या कानावर पडलं, "आमच्या वन्संचं काही जड नाही हो. खाते किती? चिमणीएवढं." वहिनीने ते कौतुकाने म्हटलं होतं. हिला मात्र त्या दिवसापासून पोळीचा दुसरा घास गिळताना आपलं वजन कुणीतरी मनातल्या मनात तोलतंय असं वाटायला लागलं. महिना संपायच्या आत तिने ही खोली पाहिली. एक खिडकी, एक खाट, दोन शेगड्यांचा ओटा आणि कुरकुरणारा फ्रिज. निम्मा पगार भाड्यातच जायचा. भाडं कमी होणार नव्हतं, बसचं तिकीट कमी होणार नव्हतं. कात्री चालवायची तर ती किराण्यावरच. दादा दर रविवारी फोन करायचा आणि शेवटी हळूच म्हणायचा, "नाहीच जमलं, तर घर आहे गं." त्यातली माया तिला कळायची. पण ज्या दिवशी जमणार नाही त्या दिवशी पुन्हा चिमणीएवढं खावं लागेल, हेही कळायचं.

म्हणून ती काटकसर मन लावून करायची. उपाशीपोटी दुकानात पाऊल टाकायचं नाही. डाळ भिजवल्याशिवाय शिजायला टाकायची नाही, गॅस वाचतो. फ्लॉवरचे देठ, मुळ्याचा पाला, बटाट्याची सालं, फेकायचं म्हणून काही नसतंच. पाव आदल्या दिवशीचा, अंडी तडकलेली, आणि दुकानात डोळ्यांच्या पातळीवर मांडलेलं काहीही घ्यायचं नाही; स्वस्त ते नेहमी गुडघ्यांपाशी असतं.

एका गोष्टीपुढे मात्र तिचं काही चालायचं नाही. मोठी पिशवी स्वस्त आणि छोटी महाग. तांदळाची मोठी गोण एकटीने घेतली तर किडे होणार. छोटी पिशवी घेतली तर जगात एकटं असल्याचा दंड भरणार.

दोनच दिवसांनी लिफ्टवाला त्याच तांदळापुढे उभा दिसला. डोकं खाजवत.

"मोठी घेताय?" तिने विचारलं.

"घेतली तर निम्मी कुणाला देऊ?" तो म्हणाला, आणि असा भाबडा चेहरा केला की तिला शंका आली, हा इथे बराच वेळ उभा असावा.

भागीदारी अशी सुरू झाली. तांदूळ, तेलाचा डबा, 'एकावर एक मोफत'वाला साबण, भोपळा. बाकावर वाटणी व्हायची. आज एकाने कापायचं, उद्या दुसऱ्याने. तांदळासाठी तो घरून तागडी घेऊन आला तेव्हा स्टिकरवालीने कपाळावर हात मारला. "दुकान काढताय की काय आमच्या दारात?"

"भाड्याने बाक मिळतो का विचारतोय," तो म्हणाला.

तिच्याकडून तो शिकला की भुकेल्या पोटी खरेदी करू नये. पण शिकूनही रोज भुकेलाच यायचा.

"जेवून का येत नाही?"

"जेवून आलो तर उशीर होतो. आणि उशीर झाला तर... पाव संपतो."

"पाव," ती म्हणाली.

"हो ना. पावच." तो रस्त्यापलीकडच्या दिव्याकडे बघत होता. त्याचे कान लाल झाले होते.

तिचा फ्रिज रात्रंदिवस चालतो आणि वीज खातो, असं ती एकदा सहज बोलली. दुसऱ्या दिवशी त्याने रबराची एक पट्टी आणून दिली. "दाराचं रबर गेलं असेल. मी येऊन बसवू?" असं त्याने विचारलं आणि तिच्या चेहऱ्याकडे बघून लगेच म्हणाला, "...की तुम्ही बसवाल? सोपं आहे. कोपऱ्यापासून सुरुवात करा." तिने ती स्वतः बसवली. फ्रिज गप्प झाला. त्या शांततेत बराच वेळ ती त्या "की तुम्ही बसवाल?"चाच विचार करत राहिली.

मग भोपळ्याचा दिवस आला. कापायची पाळी त्याची होती. मजल्याशी बोटभर चूक पकडणारा हा माणूस, आणि त्याने भोपळा असा वाकडा कापला की एक तुकडा दुसऱ्याच्या दीडपट!

"हे काय?" ती म्हणाली.

"सुरी सरकली."

"सुरी सरकली?"

"भोपळा टणक होता. असू दे, नियम आहे ना. निवडा तुम्ही आधी."

ती क्षणभर त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने शांतपणे हात पुढे केला आणि लहान तुकडा उचलला.

त्याचा चेहरा पडला. "अहो, असं नसतं! निवडणाऱ्याने मोठा घ्यायचा असतो."

"आईने असं कुठे सांगितलं होतं? निवडायचं, एवढंच सांगितलं होतं."

पुढच्या वेळी कलिंगड होतं आणि पाळी तिची. तिने डावा तुकडा मोठा ठेवला आणि त्याच्या बाजूला सरकवला. त्याने उजवा उचलला. मग काही दिवस हेच चाललं. तुकडे जास्त जास्त वाकडे व्हायला लागले आणि लहान तुकड्यावर झडप पडायला लागली. "तुमचं वाटप चाललंय की मारामारी?" स्टिकरवाली दारातून ओरडली. "जगात लोक मोठ्या वाट्यासाठी भांडतात बाई, हे काय नवीन?"

त्याने आपला छोटा तुकडा पिशवीत टाकला, तिने आपला मोठा. बोटं जराशी लागली. कुणीच हात काढायची घाई केली नाही... वाऱ्याने दुकानापुढचा रिकामा खोका घसटत पार रस्त्याच्या टोकापर्यंत गेला, आणि दोघं तो खोकाच किती मोलाचा असल्यासारखे त्याच्याकडे बघत राहिले.

सगळं असंच चाललं असतं. पण त्याला बोलायचं होतं, आणि त्याला बोलायला एकच भाषा येत होती.

"मी विचार करत होतो," एका संध्याकाळी तो म्हणाला. घसा दोनदा खाकरून झाला होता. "तुमचं भाडं, माझं भाडं. तुमचा गॅस, माझा गॅस. दोन फ्रिज, दोन दिवे. वाटणीच्या फेऱ्या वेगळ्याच. हे सगळं... एका ठिकाणी केलं तर निम्म्याने वाचेल. म्हणजे आपण... लग्न केलं तर."

तिने मांडीवरच्या बटाट्यांकडे पाहिलं.

"निम्म्याने?" तिने विचारलं.

"निम्म्याहून थोडं जास्तच," तो उत्साहाने म्हणाला. तिचा आवाज बदललाय हे त्याच्या लक्षात आलं नव्हतं.

"छान आहे ऑफर. किती तारखेपर्यंत आहे?"

"अहो, तसं नाही..."

"दादाकडे होते तेव्हा मी खर्च होते. तुमच्याकडे आले की बचत होईन." ती उठली. "मधल्यामधे मी कुठे आहे का, तेवढं बघा हिशेबात."

बटाटे तिने तसेच बाकावर ठेवले, स्वतःच्या वाट्याचेसुद्धा. तो हाक मारायला उठला. पण काय म्हणून हाक मारायची हेच त्याला सुचलं नाही. इतक्या दिवसांत दोघांनी एकमेकांना नावाने हाकच मारली नव्हती.

त्यानंतर ती त्या दुकानात गेली नाही. लॅबजवळच्या दुसऱ्या दुकानातून एकटीने अख्खा कोबी आणला आणि सकाळ-संध्याकाळ कोबी खाल्ला. रागावलेल्या माणसाने कोबी खाऊ नये. चावायला फार वेळ लागतो, आणि तेवढ्यात विचार येतात. तो लबाड नव्हता, हे तिला कळत होतं. त्याचे कान आठवत होते. हो म्हणावंसं वाटत होतं, अगदी त्या बाकावरच वाटलं होतं. तोच तर राग होता.

अशात घरमालक जिन्यात भेटले. चांगले गृहस्थ, वाईट बातमी देताना चष्मा काढायचे. त्यांनी चष्मा काढला. पुढच्या महिन्यापासून भाडं वाढणार होतं. तिने वर येऊन हिशेब केला, मग पुन्हा केला. देठ, सालं, पाला सगळं शिजवूनही भागणार नव्हतं. आता दोनच वाटा राहिल्या होत्या. एक दादाकडे जायची, एक त्या बाकाकडे. दुसरी वाट तिला हवीहवीशी होती, आणि नेमकी म्हणूनच ती घेता येईना. भाडं वाढल्यावर हो म्हटलं, तर त्या होकारात किती प्रेम आणि किती भाडं, हे तिला जन्मभर कळलं नसतं.

दुसऱ्या दिवशी ती लॅबच्या मालकांसमोर उभी राहिली. मोडक्या कवळ्या जोडायचं काम ते बाहेर देत. ते काम जिकिरीचं, कुणी मनापासून करत नसे.

"ते मला द्या," ती म्हणाली. "सुट्टीच्या दिवशी येऊन करीन. बाहेर देता तोच दर."

"अगं, आठवड्यातली एक सुट्टी, तीही घालवणार? घरी काही अडचण?"

"नाही. घर आहे, म्हणूनच."

मालकांना ते समजलं नाही, पण दर पटला. पुढचे रविवार तिने कुणाकुणाच्या हसण्याचे तुकडे जोडण्यात घालवले. दादाचा फोन आला तेव्हा ती लॅबमध्येच होती.

"रविवारी कामावर? एवढं काय नडलंय? घर आहे ना गं."

"आहे रे दादा. मला माहितेय. म्हणून तर धीर होतो."

तो म्हणाला, "वहिनी विचारतेय, जेवतेस ना पोटभर?"

"सांग तिला," ती म्हणाली, "चांगली दोन माणसांएवढी जेवते."

महिना उलटला. वाढलेलं भाडं तिने घरमालकांच्या हातात ठेवलं. हातात फार काही उरलं नाही, पण कमीही पडलं नाही. त्याच संध्याकाळी ती कोपऱ्यावरच्या दुकानात गेली. बाक रिकामा होता.

"आलात एकदाच्या!" स्टिकरवाली भेंडोळं टाकून बाहेर आली. "ते रोज येऊन बसतात हो. घेत काहीच नाहीत. मी म्हटलं, अहो पाव तरी घ्या, तर म्हणतात, एकट्याला जास्त होतो. आज मात्र नाही आले. त्या पलीकडच्या उंच इमारतीतली लिफ्ट बंद पडलीय, तिथे असतील."

ती निघाली. चार पावलं चालली, मग परत आली. "थँक्यू म्हणायचं राहिलं."

"जा आता!" स्टिकरवाली म्हणाली.

इमारतीच्या तळमजल्यावर लिफ्टचं दार उघडं होतं, आडवी दोरी लावलेली. लिफ्ट वर कुठेतरी अडकली होती आणि दाराच्या आत खाली खड्डा होता. त्या खड्ड्यातून फक्त त्याचं डोकं आणि खांदे जमिनीच्या वर दिसत होते, कपाळाला दिवा बांधलेला. तिची चप्पल त्याला आधी दिसली. मग त्याने हळूहळू वर पाहिलं, आणि दिव्याचा झोत सरळ तिच्या तोंडावर आला.

"अहो, तो दिवा..."

"माफ करा, माफ करा!" त्याने घाईने दिवा विझवला आणि काठाला हात लावून वर यायला लागला.

"नका येऊ. तिथूनच ऐका. तुम्ही वर आलात की उंच होता, मग मला बोलता येत नाही."

तो तसाच थांबला. खाली, छातीपर्यंत खड्ड्यात, मान वर करून.

"आधी मी बोलू का?" तो म्हणाला. "त्या दिवशी मी जे बोललो ते उलटं बोललो. वाचतं म्हणून नव्हतं ते. तुम्ही हव्या होतात आणि... नुसतं हवंय म्हणून काही मागायची सवयच नाही मला. काहीही घेताना आधी परवडण्याचं कारण शोधतो. म्हणून कारण शोधलं. मूर्ख आहे मी."

"आहातच," ती म्हणाली, पण इतक्या हळू की ते तिलाच ऐकू आलं. मग घसा साफ करून म्हणाली, "माझं भाडं वाढलं. या महिन्यापासून."

"कळवायचं ना! मी..."

"म्हणूनच नाही कळवलं. ते मी भरलं. माझं मी. जमतंय मला, पुढेही जमेल." तिने श्वास घेतला. "आता मला तुमची काही गरज नाही. आणि गरज नसतानाही तुम्ही मला हवे आहात. एवढंच बघायचं होतं. बघून झालं."

वरच्या मजल्यावरून कुणीतरी विचारलं, "लिफ्ट सुरू होणार आहे का हो आज?" त्याला ते ऐकूच आलं नाही.

"पण खोली मी सोडणार नाही," ती म्हणाली. "वर्षभर तरी नाही. ती माझी आहे, आणि मला अजून तिच्यात राहायचंय. लग्न करू तेव्हा घर दोघांच्या नावाने बघू. तोवर दोन भाडी, दोन फ्रिज, दोन दिवे."

"चालेल," तो म्हणाला.

"फार महागात जाईल."

"जाऊ दे."

"विचार करून बोला. काहीसुद्धा वाचणार नाही."

"काही वाचवायचंच नाहीये मला," तो म्हणाला. "भाडं वाढलंय, तर जेवणाचं... म्हणजे तुम्ही जेवता ना नीट?"

तिला एकदम खळखळून हसू आलं. त्या रिकाम्या खड्ड्यात ते घुमलं, दोरांवरून वर गेलं आणि कुठल्या तरी मजल्यावर लिफ्टची वाट बघणाऱ्या माणसाने खाली वाकून पाहिलं.

"आज माझ्याकडे जेवायचं," ती म्हणाली. "माझ्या खोलीत आजवर कुणी जेवलेलं नाही. खुर्ची एकच आहे. एकाला खाटेवर बसावं लागेल."

"मी उभासुद्धा जेवीन."

"काही नको. लिफ्ट सुरू करून मग निघायचं, लोक खोळंबलेत."

तिने दोरी उचलली, वाकली आणि हात पुढे केला. त्याने आपले दोन्ही तळवे तिला दाखवले. मनगटांपर्यंत काळं ग्रीस होतं.

"हात घाण आहेत माझे," तो म्हणाला. "तुम्ही कशाला..."

"तुम्ही-तुम्ही पुरे आता," ती म्हणाली, आणि तो काळा हात घट्ट धरून तिने ओढला. "ये वर."